सात विहिरींत तोंड

८ जानेवारी १९७३, सोमवार

आज नोकरीवर रुजू झालो. सकाळी धारूरहून एस.टी.त बसलो आणि साडेदहाला मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरलो. धाब्यावर एक चहा घेतला, पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेतली आणि पाऊण मैल माळ तुडवत छावणीवर आलो. मन फार प्रसन्न होते. सातवी पास मुलाला या दुष्काळात कारकुनाची जागा मिळते ही लहान गोष्ट नाही. माझ्या बरोबरीची पोरे खडी फोडायला गेली आहेत.

जनावरांची ही छावणी शेतकऱ्यांच्या सहकारी संघाची आहे. चेअरमन सुंदरराव कधीतरी जीपमधून येतात. रोजचे राज्य सेक्रेटरी आप्पारावांचे. पाचटाच्या छपरांच्या अकरा रांगा आहेत आणि आठशेच्या वर जनावरे. मालक आपापल्या जनावरांच्या पायाशीच झोपतात. उसाचे वाढे ट्रकने येते, पाणी टँकरने. मला पेंडीच्या गोदामाला लागून खोली मिळाली आहे. चुना नवा आहे. भिंतीला एक कोनाडा आहे, त्यात ही वही, दौत आणि आरसा मांडला.

माझे काम फाटकावर बसून येणारे प्रत्येक जनावर नोंदवायचे. मालक, गाव, रंग, शिंगे, दात. दातांवरून वय ठरते, म्हणजे कोणी एक गाय दाखल करून तिच्या जागी दुसरी बांधू शकत नाही. माझे वडील शिंपी, आमच्या दारात कधी शेळीसुद्धा नव्हती. पहिल्याच बैलाचा ओठ उचलला तर वर एकही दात नाही. मी मालकाला म्हणालो की याचे वरचे दात पडलेले आहेत. सगळे फाटक हसले. गुरांना वरचे पुढचे दात नसतातच! चारा टाकणारा सटवा नावाचा चाळिशीचा गडी म्हणाला, "लिवा की मास्तर, कवळी बसवायची हाय म्हणून." मीही हसलो. कान मात्र बराच वेळ तापलेले होते.

१३ जानेवारी, शनिवार

आता दात कळू लागले. दुधाचे दात असले तर आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठ झाले की तोंड जुळले म्हणायचे. पुढे दात झिजतात, त्यावरून म्हातारपण कळते. मी वहीच्या मागच्या पानावर आकृत्या काढल्या आहेत.

आज गुरांचे डॉक्टर आले. पंधरा दिवसांनी एकदा येतात. त्यांना माझ्या आकृत्या आवडल्या. म्हणाले की जनावर बोलत नाही, पण तोंडात सगळा देह लिहिलेला असतो, वाचणारा पाहिजे. हिरड्या पांढऱ्या पडल्या तर अंगात रक्त नाही. जिभेवर फोड आले तर लाळखुरकत. वास आला तर पोट बिघडले. मी विचारले, माणसाचेही असेच का? ते म्हणाले, अगदी असेच. मग त्यांनी मला तोंड उघडायला लावले आणि हिरड्यांतून रक्त येते का विचारले. येते. दुष्काळात हिरवे काही खायला नाही त्यामुळे, असे म्हणाले. वाळलेला आवळा चघळायला सांगितला.

सटवाने मग गंमत म्हणून स्वतःचा जबडा वासला. गालात आत तंबाखूने पांढरा डाग पडला आहे. डॉक्टर हसले नाहीत. तंबाखू सोड म्हणाले. आप्पारावांच्या तोंडात सदा सुपारी. डॉक्टरांनी त्यांना आ करायला सांगितले तर जेमतेम दीड बोट तोंड उघडले. तुमचा जबडा हळूहळू मिटत चालला आहे, असे डॉक्टर चारचौघांत बोलले. डॉक्टर गेल्यावर आप्पारावांनी मला बोलावले आणि पुन्हा त्या डॉक्टराशी गप्पा मारताना दिसलास तर ट्रंक उचलायची, असे सांगितले.

१९ जानेवारी, शुक्रवार

खालच्या वाडीची छबुबाई नावाची म्हातारी एक गाय घेऊन आली. एकटीच आहे, मागेपुढे कोणी नाही. गाय तांबडी, पवळी नाव, तोंड जुळलेले. नाकपुडीच्या वर चार खोल भोके, खपली धरलेली. मी विचारले. बाभळीचा काटा लागला म्हणाली. काटे चार आणि समोरासमोर कसे लागले, असे मी पुन्हा विचारले. तिने एकदम आवाज चढवला. "कावून इतकं इचारायलास? गाय माजी हाय. घ्यायची तर घे, न्हाईतर रस्त्यावर सोडते मरायला."

मी "नाकपुडीवर काट्याची जखम" असे लिहिले आणि आत सोडले.

२९ जानेवारी, सोमवार

दिवस चांगले नाहीत. टँकर दोन दिवस आलाच नाही. आज आला तेव्हा दोन रांगांतल्या लोकांनी एकमेकांवर काठ्या उगारल्या. कोणी कोणाशी सरळ बोलत नाही. मी दाराशी उभा राहिलो तरी लोक गप्प होतात. त्यांना वाटते मी आप्पारावांचा माणूस आहे. आप्पारावांना वाटते मी डॉक्टरांचा आहे.

जनावरे हाडे चघळू लागली आहेत. छावणीमागच्या ओढ्यात मेलेली गुरे टाकतात, तिथे जाऊन वाळलेली हाडे उचलतात आणि तासन् तास तोंडात घोळवतात. डॉक्टर म्हणाले होते की चाऱ्यात सत्त्व नसले की असे होते. गेल्या आठवड्यात एका म्हशीच्या दाढेत हाड अडकले होते. सटवाने हात घालून काढले.

४ फेब्रुवारी, रविवार

छबुबाईची पवळी दोन दिवस खात नव्हती. आज जबडा लोंबत होता, तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. हंबरायची तर आवाज घोगरा, फाटका. पाण्याकडे जायची आणि मान झटकून मागे यायची. सगळे म्हणाले की हाड अडकले.

मी म्हणालो डॉक्टरांना निरोप पाठवू. आप्पाराव ओरडले की लाळ पाहून तो लाळखुरकत म्हणेल आणि फाटकाला कुलूप लावेल, मग आठशे जनावरे काय तू तुझ्या दप्तरात चारणार आहेस? सटवाचा हात तिच्या घशात जाईना. तेव्हा आप्पारावांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "शिंप्याचा हाय ना बे तू? सुईसारखा हात हाय. घाल."

सटवाने जीभ बाजूला ओढून जबडा धरला. वाढे तोडताना कोयता लागून त्याच्या तळव्याला चीर पडलेली आहे, तिच्यावरून लाळ वाहत होती. मी उजवा हात कोपरापर्यंत घातला. आत फार गरम होते. मी बोटांनी सगळीकडे चाचपले. हाड नव्हते. काटा नव्हता. काहीच नव्हते. मग तिचा घसा माझ्या हाताभोवती आवळला गेला आणि दाढ मनगटावरून घासली. मी ओरडून हात काढला. मनगटाला दोन बोटे लांब खरचटले आहे. थोडे रक्त आले. राखेने आणि साबणाने धुतले.

लोक म्हणत होते की हाड खाली उतरले असेल.

७ फेब्रुवारी, बुधवार

पवळी मेली. काल दिवसभर तिने खुंट्याला धडका मारल्या. शेवटी मागचे पाय गेले. आप्पारावांनी चार गडी लावून तिला ओढ्यात टाकले आणि मला छावणीच्या नोंदवहीत "हाड अडकून मृत्यू" लिहायला लावले. मी म्हणालो की हाड नव्हते. ते म्हणाले, "तुझ्या हाताला डोळे हायत का?"

लिहिले.

१२ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर आज यायचे होते. आप्पारावांनी मला पहाटेच वाढ्याच्या ट्रकबरोबर कारखान्याकडे पाठवले. तिथे माझे काहीच काम नव्हते. संध्याकाळी परत आलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी छबुबाई आली. मिश्रीने काळे पडलेले दात. फाटकाबाहेर बाभळीखाली बसली आणि मला जवळ बोलावले. मला वाटले गाय गेल्याचे रडणे असेल.

तिने माझे मनगट पाहिले. मग म्हणाली की बाभळीचा काटा नव्हता. संक्रांतीच्या सुमारास वाडीत एक कुत्रे आले होते. पवळीच्या नाकाला लोंबकळले ते सुटेना, शेवटी कुऱ्हाडीने मारले. तेच कुत्रे एका शेळीला चावले होते, ती शेळी परवा लाळ गाळत मेली. पिसाळलेले होते. सांगितले असते तर गाय छावणीत घेतली नसती, म्हणून बोलली नाही. "तू हात घालशील हे मला ठावं नव्हतं रे लेकरा."

मी तिथेच मातीत बसलो.

तिने सांगितले की मोठ्या दवाखान्यात पोटात चौदा सुया देतात, रोज एक. पण तिच्या तलवाड्याच्या दिराने कुठेतरी त्या घेतल्या होत्या आणि त्याचे कमरेखालचे अंग गेले. नऊ वर्षे खाटेवर पडून आहे. तिच्या माहेरी सुया घेत नाहीत. सात विहिरींत तोंड पाहतात. उपाशी पोटी जायचे, वाटेत कोणाशी बोलायचे नाही, वाकून आपले तोंड पाण्यात सगळे दिसेपर्यंत पाहायचे आणि हरभऱ्याचा एक दाणा टाकायचा. विष पाण्यातल्या तोंडाकडे जाते. पाणी मात्र झऱ्याचे पाहिजे. टँकरचे ओतलेले चालत नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

मी आप्पारावांकडे गेलो आणि सगळे सांगितले. बीडला जातो म्हणालो, एस.टी.ने तासाची वाट, रोज जाऊन येतो.

त्यांनी दार लावून घेतले. म्हणाले की दवाखान्यात पहिला प्रश्न विचारतील, कोणते जनावर, कुठले? तू छावणीचे नाव घेशील. दुसऱ्या दिवशी लोक आपापली जनावरे सोडून पळतील. कुठे नेतील? रस्त्यावर मरतील आठशे गुरे. "आणि तुला चावलं कुठं? खरचटलं. आमी न्हानपणापासनं गुरांच्या तोंडात हात घालतोय. लई शिकलास म्हणून लई भ्यालास." छबुबाईला तर त्यांनी शिव्या दिल्या. म्हणाले चौदा दिवस गैरहजर राहिलास तर पंधराव्या दिवशी तुझ्या खुर्चीवर दुसरा असेल. आणि धारूरला तुझ्या आईच्या गल्लीत मी स्वतः सांगेन की आसाराम पिसाळला आहे. मग तिच्या हातचे पाणी कोण पिईल बघ.

मी सटवालाही सांगितले. त्याच्या तळव्याची चीर अजून भरलेली नाही. तो म्हणाला, "मला कुठं दात लागला? लाळ तर रोजच लागतिया." मी म्हणालो, चौदा सुया. त्याने पोटावर हात ठेवून पोरींसारखे किंचाळायचे सोंग केले. बाकीचे हसले. मी पुन्हा सांगितले नाही. मला माझेच पडले होते.

खरे सांगायचे तर मलाही सुयांची भीती वाटते. नऊ वर्षे खाटेवर. मी विहिरी शोधायचे ठरवले.

१८ फेब्रुवारी, रविवार

पहिली विहीर. फाट्याच्या दक्षिणेला, मळ्यातली. पाणी फार खोल, चांदीच्या रुपयाएवढे दिसते. पोटावर झोपून पाहिले. कपाळ, डोळे, नाक, तोंड, सगळे दिसले. दाणा टाकला. परत येताना जरा हलके वाटले.

२० फेब्रुवारी, मंगळवार

तीन विहिरी कोरड्या. तळाशी भेगा. एकीत मेलेला साप.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी आणि तिसरी झाली. तिसरीवर बायकांनी मला धरले. घागरी भरायला वाट्या-वाट्याने पाणी उपसत होत्या. एकीने विचारले की काय डोकावतोस, जीव द्यायचाय का? बोलायचे नसते म्हणून मी गप्प. तिने माझ्या सदऱ्याची कॉलर धरून मागे ओढले. "मरायचं तर कोरड्या हिरीत मर की मुडद्या! हे आमच्या लेकरांचं पाणी हाय." चेहरा मात्र पाहून झाला होता.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

चौथी झाली. पाचवीच्या मालकाने काठी उगारली आणि मागे कुत्रे सोडले. कुत्रे धावत येताना दिसले. बांधावर बसून राहिलो. ते येऊन माझे पाय हुंगून गेले.

डॉक्टर आजही यायचे होते, आले नाहीत. आप्पाराव म्हणतात त्यांची बदली झाली. खरे असेल.

४ मार्च, रविवार

पाच आणि सहा झाल्या. एका दिवसात चौदा मैल चाललो. सहावीत पाणी हिरवे होते, त्यात माझे तोंड मेलेल्या माणसासारखे दिसले. तरी सगळे दिसले.

आता एकच राहिली. जखम भरली आहे. पांढरी रेघ तेवढी उरली. एक महिना झाला. एक महिन्यात काही झाले नाही म्हणजे—

छबुबाईला विचारायला वाडीत गेलो. तिच्या दाराला काट्याची फेसाटी लावलेली. शेजारीण म्हणाली, गावाने तिला हाकलले.

८ मार्च, गुरुवार

सातवी मिळत नाही. जिथे पाणी आहे तिथे टँकरचे आहे. ज्या विहिरीत परवा झरा होता ती आज चिखल. पाच गावे पाहिली.

रोज आरशात तोंड पाहतो. जीभ, हिरड्या, गाल, घसा. आवळ्याने हिरड्या सुधारल्या आहेत. रक्त येत नाही. तोंडात सगळे लिहिलेले असते ना? मग माझ्या तोंडात काही लिहिलेले नाही.

१० मार्च, शनिवार

मनगटाच्या रेघेवर मुंग्या येतात. खाजवले तर आतून खाजते. डास असेल.

११ मार्च, रविवार

मुंग्या कोपरापर्यंत. झोप नाही. अंगात कणकण. फाटकावर बसलो असताना एका बैलाने जोरात श्वास सोडला तर मी खुर्चीवरून उठलो. लोक बघत होते. मालकाने विचारले की दात मोजतोस का बैलाला भितोस.

डास चावला असेल अशी कालपासून मनाची समजूत घालत होतो. डास नव्हता.

१२ मार्च, सोमवार

सकाळी ठरवले की बीडला जातो, नोकरी गेली तर गेली. फाट्यावर आलो. धाब्यावाल्याने सांगितले की घाटाच्या तोंडाशी एक जुनी बारव आहे, झऱ्याची, अजून आटलेली नाही. एस.टी. समोर उभी होती. मी बारवेकडे गेलो.

मी बारवेकडे का गेलो.

पायऱ्या उतरलो. थंडगार सावली. पाणी स्वच्छ, हातभर अंतरावर. इतके जवळ की वाकायलाही नको. मी आनंदाने पुढे झुकलो आणि पाणी दिसले. माझे तोंड दिसायच्या आधी घसा आवळला गेला. आतून. कोणी मूठ धरावी तसा. श्वास अडकला, मान मागे ताणली गेली, जबडा वाकडा झाला. मी पायऱ्यांवर पाठ घासत वर आलो. पाण्याकडे पाठ केली तेव्हा श्वास आला.

पवळीचा घसा माझ्या हाताभोवती असाच आवळला होता.

आता शंका नाही.

१३ मार्च, मंगळवार

तहान लागते. तांब्या पाहिला की घसा मिटतो. ओला रुमाल तोंडावर धरून पाहिला— नाही. लाळ गिळता येत नाही, थुंकावी लागते. पिंप भरेल इतकी. आरसा पालथा घातला.

टँकर आला. पाणी हौदात पडल्याचा आवाज ऐकून मी खोलीत कोपऱ्यात जाऊन बसलो. बाहेर लोक पाण्यासाठी भांडत होते.

दारातून वाऱ्याची झुळूक आली तरी तेच होते. फट चिंध्यांनी बुजवली.

१४ मार्च, बुधवार

आप्पारावांनी पाहिले. दोन पावले मागे सरकले. मग मला पेंडीच्या गोदामात आणून बाहेरून कडी घातली. लोकांना सांगितले की आसारामला देवी निघाल्या, कोणी जवळ जायचे नाही. वही मी सदऱ्याच्या आत आणली. पेन्सिल आहे.

बीडला न्या म्हणालो. अर्धे शब्द निघाले. आता नेऊन काय होणार, असे ते म्हणाले. ते खरे आहे. डॉक्टर एकदा सांगत होते— लाळ सुटली, पाणी नको झाले की मग कोणाचा इलाज नाही. माणूस असो की बैल.

माझे संपले. पण सटवा—

सटवाला अजून काही झालेले नाही. चीर त्याच्याही तळव्याला होती. त्याच्याकडे दिवस आहेत. तीन पोरी आहेत त्याच्या.

१५ मार्च, गुरुवार, सकाळ

सटवा चारा टाकून दाराशी आला. फटीतून भाकरी दिली. मी बोलायला गेलो. आवाज भुंकल्यासारखा— लाळ— तो घाबरून पळाला. मी हाक मारत राहिलो. तो आवाज मलाच ऐकवेना.

लिहून देतो.

दुपार

कागदावर लिहिले, "सटवा, त्या गाईला पिसाळलेले कुत्रे चावले होते. तिची लाळ तुझ्या जखमेत गेली आहे. तुला मुंग्या येण्याआधी बीडला जा. चौदा सुया घे. माझ्याकडे बघ आणि जा." फटीतून सरकवले. सटवाला अक्षर येत नाही. मला माहीत होते. तरी इथे वाचणारे दुसरे कोण? दोघेच. मी आणि—

तो कागद घेऊन आप्पारावांकडे गेला.

परत आला तेव्हा रागावला होता. म्हणाला, "सेक्रेटरींनी वाचलं. माझ्या हातची भाकर बाटते म्हणं तुला? शिंप्याला आमची भाकर चालंना व्हय बे? मर मग उपाशी."

मी दारावर डोके आपटले. तो गेला.

१६ मार्च, शुक्रवार

झटके येतात, जातात. मधल्या वेळात डोके अगदी स्वच्छ असते. तेच वाईट आहे.

अक्षर नको. चित्र काढतो. गाईचे तोंड— लाळ. तिच्या तोंडात एक हात, तळव्यावर चीर. मग माझे तोंड, तसेच, लाळ. मग एस.टी. मग चौदा रेघा, प्रत्येक रेघेला सुईचे टोक. एक एक नीट काढतो. तेरा होता कामा नयेत.

काढले.

सरकवले. दारावर नखांनी खरडत राहिलो तेव्हा सटवा आला. शिव्या देत आला. कागद उचलला—

फटीतून दिसतो. उकिडवा बसलाय. कागद उलटा धरलाय— नाही, सुलटा केला. गाय ओळखली. "पवळी," म्हणाला. एस.टी.वर बोट ठेवले.

रेघा मोजतोय. मोठ्याने. पाच. सहा. चुकला, पुन्हा पहिल्यापासून—

अकरा. बारा. तेरा—

चौदा. तळवा उघडून बघतोय. अंगठ्याने चोळतो. माझ्याकडे फटीतून बघतो. माझ्या तोंडाकडे. बघ. नीट बघ सटवा—

आप्पारावांची हाक. कागद मागताहेत. सटवा उठला. देऊ नको— खिशात घाल— फाट्याकडे—

कडी वाजली. उघडू नका, वारे— कोणाच्या हातात तांब्या आहे, सटवाच्या का आप्पारावां—